एअर रायफलवर कॅमोफ्लाज रंगकाम: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं मूळ काम गाड्यांच्या सुट्या भागांचं रंगकाम, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत. एअर रायफली त्यात मागाहून आल्या. आता सिडकोपासून निफाडपर्यंत आणि देवळालीपासून सिन्नरपर्यंत जे कोणी चौकशी करतात, त्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे साध्यापासून अवघडाकडे असे लावले आहेत. कायद्याचे प्रश्न मुद्दाम आधी घेतले आहेत, कारण गिऱ्हाईक रंगाचं विचारतं आणि आम्ही बिल मागतो, तिथेच पहिला खटका उडतो.

१. एअर रायफलला परवाना लागतो का? आणि ती रंगवायला?

२०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे नळीचा व्यास ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिमीपर्यंत आणि छऱ्याची ऊर्जा २० जूलच्या आत असेल, तर परवाना लागत नाही. ०.२२ ची एअर रायफल या सवलतीत बसत नाही, ती कितीही मवाळ असो. रंगवण्यासाठी वेगळी परवानगी नाही. रायफल सवलतीतली आहे याची आमची खात्री पटली की काम सुरू.

२. माझ्याकडे परवान्याची ०.३१५ रायफल आहे, काकांकडे बारा बोर बंदूक. तीही कॅमो करून द्याल का?

नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात बदल करण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. रंग म्हणजे काय दुरुस्ती का, असं विचारणारे भेटतात. पण रंग वाळेपर्यंत बंदूक आमच्या दुकानात राहणार, म्हणजे ती आमच्या ताब्यात आली, आणि आमच्याकडे तिचा परवाना नाही. तुमचा परवाना तुमच्या नावावर आहे, तो आमच्या कुलपाला लागू होत नाही. हे काम परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडेच न्या.

त्याच्याकडेही एक गोष्ट बजावून सांगा: नंबर आणि कारखान्याची मोहोर घासली जाता कामा नये. बंदुकीवरचं नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण पुसणं, काढणं, बदलणं हा कलम ८ खाली गुन्हा आहे. सँडब्लास्टिंग करणाऱ्याचा हात जरा जड पडला तर कोरलेला आकडा उथळ होतो, आणि पुढे नूतनीकरणाच्या वेळी परवान्यावरचा नंबर बंदुकीवर नीट वाचता आला नाही की खुलासे तुम्हालाच देत बसावे लागतात. त्यापेक्षा त्या जागेवर टेप लावून ती मूळ ब्लूइंगमध्येच, म्हणजे पोलादावरच्या कारखान्याच्या निळसर काळ्या मुलाम्यातच राहू द्यावी.

३. येताना काय आणायचं? स्कूटरवर आणली तर पोलीस धरतील का?

खरेदीचं बिल आणि ओळखपत्र आणा, दोन्हींची प्रत आमच्याकडे राहते. रायफल रिकामी, बंद पिशवीत किंवा पेटीत असावी, छरे वेगळे. पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबाने हवा भरून ठेवायची रायफल असेल तर ती हवा सोडून आणा.

परवाना लागत नाही म्हणजे ती खांद्याला लटकवून द्वारका चौकातून यावं असं नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शहरात शस्त्रं बाळगण्यावर मनाई आदेश अधूनमधून निघतात. निवडणूक, मोठे सण, मिरवणुका अशा वेळी हमखास. सिंहस्थ तोंडावर आला आहे, बंदोबस्त वाढणारच. आदेश चालू असेल तर काम पुढे ढकला. लांबून पाहणाऱ्या हवालदाराला तुमची रायफल छऱ्याची की काडतुसाची हे कळत नाही, आणि कॅमो चढवल्यावर तर मुळीच नाही.

४. स्प्रे, टू-के, सिरॅमिक, हायड्रो डिपिंग, स्टिकर... नेमका फरक काय?

*स्प्रे कॅन.* सर्वात स्वस्त आणि सर्वात हळवा. साधा ॲक्रिलिक मॅट रंग. नखाने नाही, पण पिशवीच्या चेनने निघतो. तरी त्याची एक बाजू घ्यावीशी वाटते: चुकला तर पुन्हा मारता येतो आणि झिजलेला कॅमो दिसायला वाईट नसतो. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी (प्रश्न १०).

*टू-के पॉलीयुरेथेन.* गाड्यांचाच रंग, हार्डनर मिसळून मारायचा, वर मॅट क्लिअर. ओव्हन लागत नाही. दस्ता प्लॅस्टिकचा असो वा लाकडी, दोन्हींवर बसतो. आमच्याकडची बहुतेक कामं यातच होतात.

*सिरॅमिक कोटिंग.* सेराकोट हे यातलं गाजलेलं अमेरिकी नाव. थर जेमतेम २५ मायक्रॉनचा, पण टणक, आणि तेल-थिनरला दाद न देणारा. धातूवर आधी ॲल्युमिनियम ऑक्साइडने ब्लास्टिंग, मग भाग तापवून छिद्रांत मुरलेलं तेल बाहेर काढायचं, मग रंग, मग ओव्हन. त्याच्या ओव्हनवाल्या प्रकाराला साधारण १२० अंश सेल्सिअसला दोन तास लागतात. हवेत पक्का होणाराही प्रकार आहे, त्याला काही दिवस द्यावे लागतात. रायफल पूर्ण खोलावी लागते, त्यामुळे मजुरी चढते.

*हायड्रो डिपिंग.* छापील फिल्म कोमट पाण्यावर तरंगवायची, वर ॲक्टिव्हेटरचा फवारा द्यायचा आणि भाग हळूच बुडवायचा. हेल्मेट आणि डॅशबोर्डवर दिसणारी पानांची छपाई ती हीच. पानं-फांद्या हुबेहूब हव्या असतील तर याला पर्याय नाही. अडचण अशी की खाचाखोचांत आणि चापाच्या कडीभोवती फिल्म ताणली जाते आणि तिथलं पान रबरासारखं लांबतं.

*स्टिकर आणि कापडी टेप.* रॅपिंगवाले करून देतात. हवं तेव्हा काढता येतं. कडा उन्हात उचलतात.

एवढं वाचून कोणता घ्यावा हे ठरत नसेल तर माझं मत: धातूला सिरॅमिक, दस्त्याला टू-के. खिसा हलका असेल तर फक्त दस्ता रंगवा आणि नळी काळीच ठेवा.

५. अंबड-सातपूरला पावडर कोटिंगच्या एवढ्या भट्ट्या आहेत, तिथेच का नको?

गेट, ग्रिल आणि सायकलच्या सांगाड्याला पावडर कोटिंग उत्तम. पण ते १८० ते २०० अंशांना भाजतात आणि थर ६० ते ८० मायक्रॉन किंवा त्याहून जाड बसतो. रायफलचे भाग एकमेकांत बारीक फटीने बसलेले असतात. एवढा थर चढला की सांधा घट्ट होतो. विसरून आत राहिलेले रबरी सील त्या उष्णतेत कामातून जातात. पीसीपीचा ॲल्युमिनियम सिलिंडर तर भट्टीत घालूच नका. त्या मिश्रधातूची ताकद उष्णतेच्या संस्कारातून आलेली असते, तो पुन्हा तापला की ती उतरते, आणि त्यात पुढे २०० ते ३०० बार दाबाने हवा भरायची असते. म्हणून सिलिंडरवर आम्ही हवेत सुकणाराच रंग मारतो आणि त्यावरची दाबाची व तपासणीची मोहोर उघडी ठेवतो.

६. कोणते भाग रंगवत नाही?

नळीचं तोंड आणि आतली बाजू, पिस्टन, सगळे सील, चापाची यंत्रणा, सेफ्टी, स्क्रूंचे आटे, नंबर आणि मोहोर. बट पॅड (दस्त्याचं खांद्याला टेकणारं टोक) रबरी असेल तर तोही नाही, रंग तडकतो. आणि दुर्बीण बसवायची ११ मिमीची डोव्हटेल पट्टी. तिच्यावर रंग चढला की माउंट त्या थरावर आवळला जातो, थर दबतो, माउंट सरकतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं नेम बिघडला.

दुर्बीण रंगवायचा हट्ट असेल तर भिंगं आणि फिरत्या चकत्या झाकून रंगवता येते. तिच्या हमीचं काय होईल ते तुम्ही पाहा. मी कापडी टेप सुचवतो.

७. रंगाने नेम बिघडतो का? वजन वाढतं का?

वजन वाढतं ते काही ग्रॅम, हाताला कळत नाही. नेमाचं म्हणाल तर तोंडाच्या कडेवर रंगाचा थेंब बसला नाही आणि डोव्हटेल कोरी राहिली (प्रश्न ६), तर बिघडायचं कारण नाही. मात्र दुर्बीण काढून परत लावली की तिचं शून्य, म्हणजे नेम, पुन्हा जुळवावंच लागतं. नळी मोडून भरायच्या रायफलीत सांध्याजवळचा रंग पहिल्या काही दिवसांतच घासून चकाकेल. तो दोष नाही, तिथे धातू धातूवर फिरतो.

८. आपल्या भागाला कोणती नक्षी शोभेल?

हा माझ्या आवडीचा प्रश्न.

इंटरनेटवर दिसणाऱ्या बहुतेक नक्ष्या परदेशी जंगलांच्या आहेत. अमेरिकी सैन्याने १९८१ मध्ये घेतलेली चार रंगी वूडलँड सगळ्यांच्या डोक्यात बसली आहे, पण तिचा हिरवा आपल्याकडे इगतपुरी-त्र्यंबकला पावसाळ्यातच खरा वाटतो. दिवाळीनंतर अंजनेरीच्या पठारावर जा: गवत पिवळट खाकी, माती तांबूस, आणि त्यात काळसर करडा कातळ. हिरवं उरतं ते करवंदाच्या जाळीपुरतं. वर्षातले सात-आठ महिने आपला मुलूख असा असतो. म्हणून मी खाकी तळ धरतो, त्यावर मळकट तपकिरी, मग कातळाचा करडा, आणि हिरवा सगळ्यात कमी, तोही धुळीने माखल्यासारखा.

शुद्ध काळा वापरू नये. लांबून तो भोकासारखा दिसतो. गडद तपकिरी किंवा गडद करडा तेच काम करतो.

दुसरी चूक बारीक ठिपक्यांची. जवळून सुंदर, पण वीस पावलांवर सगळे ठिपके एकमेकांत मिसळून एकच मातकट रंग उरतो आणि रायफलचा आकार जसाच्या तसा दिसतो. डोळा आधी सरळ रेघ पकडतो, आणि नळीइतकी सरळ रेघ रानात दुसरी नसते. ती तोडायची तर पट्टे मोठे आणि तिरके हवेत, नळीवरून दस्त्यावर न थांबता उतरणारे. बारीक काम त्यानंतर, चवीपुरतं.

साच्यांसाठी दोन गावठी उपाय. पहिला रेडियमवाला. गाड्यांवर नावं कापून देतो तोच तुमची नक्षी व्हिनाइलमध्ये प्लॉटरवर कापून देईल. दुसरा कांद्याची जाळीदार गोणी. लासलगावच्या जिल्ह्यात ती मागावीही लागत नाही. तळाचा रंग वाळला की गोणी दस्त्यावर ताणून बसवायची आणि वरून गडद रंगाचा हलका फवारा द्यायचा. सापाच्या कातडीसारखी खवल्यांची नक्षी उमटते. द्राक्षाचं पान साचा म्हणून वापरू का, असं निफाड-दिंडोरीचे लोक हटकून विचारतात. कडा छान आहेत, पण पान दस्त्याच्या मानाने फार मोठं. एकच पान उमटतं आणि बाकी कोरं राहतं. वाळकं गवत जास्त उपयोगी.

९. लष्कराच्या नव्या गणवेशावरची डिजिटल नक्षी करून द्या ना.

देवळालीत तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र असल्यामुळे ही मागणी इथे जरा जास्तच. नाही करत. १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनाला लोकांसमोर आलेला तो गणवेश आणि त्यावरची नक्षी लष्कराने आपल्या नावावर नोंदवून घेतली आहे, परवानगीशिवाय तिची नक्कल करता येत नाही. मल्टिकॅमचंही तसंच, ती क्राय प्रिसिजन या अमेरिकी कंपनीची. प्रश्न ८ मधल्या रंगांनी स्वतःची काढा. ती इथल्या रानात त्या दोन्हींपेक्षा चांगली मिसळेल.

१०. घरीच करता येईल का?

स्प्रे कॅनने नक्की. टू-के घरी नको: त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, ते फुप्फुसांना घातक, आणि कापडी मास्क त्यांना अडवत नाही. बंद गॅलरीत, शेजारी लहान मुलं असताना तर हे काम अजिबात करू नका.

कामातला मोठा वाटा धुण्याघासण्याचा आहे. दस्ता काढा. नळी-यंत्रणा खोलायच्या फंदात पडू नका, आत स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि ती सुटली तर तोंडावर येते, झाकून रंगवा. तेलाचा अंश राहिला तर रंग तिथूनच सुटणार, म्हणून धातू ॲसिटोनने पुसा. प्लॅस्टिकच्या दस्त्याला मात्र ॲसिटोन लावू नका, एबीएस जातीचं प्लॅस्टिक त्यात विरघळतं. त्याला भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी. मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी मोडेपर्यंत घासा. पुसल्यावर उघड्या हाताने धरू नका, घामाचा ठसा रंगाखालून वर येतो.

काही दस्ते पॉलीप्रॉपिलीन या दुसऱ्या जातीच्या प्लॅस्टिकचे असतात. हाताला किंचित मेणचट लागतात. त्यांच्यावर प्लॅस्टिक प्रायमर दिल्याशिवाय कोणताच रंग टिकत नाही.

फवारा २० ते २५ सेंटिमीटरवरून, हात चालता ठेवून. पहिला हात इतका पातळ की खालचं दिसत राहावं. साच्याने काम करताना हलका रंग आधी, गडद नंतर. मास्किंग टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आत काढा, नाहीतर कडा फाटते. शेवटी मॅट क्लिअर. ग्लॉस मारला तर वरची सगळी मेहनत उन्हात आरशासारखी चमकेल.

११. पावसाळ्यात काम घेता का? किती दिवस लागतात?

घेतो, पण सावकाश. हवा दमट असताना लॅकर प्रकारच्या रंगावर पांढुरकी झाक धरते, आणि कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी जमतं. झडीच्या दिवसांत आम्ही सरळ थांबतो. डिसेंबर-जानेवारीत उलट तऱ्हा: निफाडकडे पारा खाली गेला की हार्डनरचा रंग पक्का व्हायला जास्त वेळ घेतो. फेब्रुवारी ते मे सर्वात चांगले. दस्ता आठवड्याभरात, पूर्ण रायफल पंधरवड्यात धरा. नेल्यावरही काही दिवस पट्टा आवळू नका आणि फोमच्या पेटीत दाबून ठेवू नका.

१२. खर्च कशावर ठरतो?

रायफल किती खोलायची, जुना रंग काढायचा आहे का, रंग किती आणि साचे कोणते यावर. रंगाच्या डब्याची किंमत त्यात सर्वात कमी. फोटोवरून अंदाज देतो, पक्का आकडा रायफल पाहून.

१३. आजोबांची जुनी एअर रायफल आहे, दस्ता लाकडी. कॅमो करावं का?

करता येतं: २२० ने घासायचं, सीलर, प्रायमर, मग रंग. ओव्हन लाकडाला चालत नाही, तडकतं. पण दस्ता शिसम किंवा अक्रोडाचा असेल आणि रेषा अजून दिसत असतील तर मी तुम्हाला परत पाठवीन. प्रायमर लाकडाच्या रंध्रांत बसला की तो सगळा काढायला दस्ता इतका घासावा लागतो की कडा आणि हातकोरीव जाळी जाते. त्यापेक्षा जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्या, आणि कॅमोची हौस दुसऱ्या एखाद्या प्लॅस्टिकच्या दस्त्यावर भागवा.

१४. जुना रंग काढून परत काळी करून मिळेल का?

धातूवरचा स्प्रे कॅनचा रंग ॲसिटोनने निघतो, टू-केला पेंट रिमूव्हर लागतो, सिरॅमिक ब्लास्टिंगनेच जातं. ब्लास्टिंगसोबत मूळ ब्लूइंगही जातं, ते नव्याने करावं लागतं. प्लॅस्टिकच्या दस्त्याला रिमूव्हर लावला तर दस्ताच मऊ पडतो. तिथे घासणं हाच मार्ग. पुढे विकायचा विचार असेल तर दस्ता रंगवण्याआधीच एक साधा जास्तीचा दस्ता मिळतो का ते पाहा.

१५. दहा मीटरच्या स्पर्धेत अशी रायफल चालते का?

मोजमाप पाहिलं जातं: व्यास ४.५ मिमी, वजन ५.५ किलोपर्यंत. रंगाने त्यात फरक पडत नाही. कपड्यांचं मात्र लक्षात ठेवा, आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या पोशाखाच्या नियमांत कॅमोफ्लाज कपडे बसत नाहीत. रायफल क्लबची किंवा शाळेची असेल तर त्यांचं लेखी पत्र आणा.

१६. उघडतच आहात तर जोरदार स्प्रिंगही टाकून द्या.

नाही, आणि दुसऱ्याकडूनही करून घेऊ नका. साधारण ०.५३ ग्रॅमचा छरा सेकंदाला २७५ मीटर वेगाने सुटला की ऊर्जा २० जूलवर जाते. त्या क्षणी प्रश्न १ मधली सवलत संपते आणि तुमच्या हातात विनापरवाना शस्त्र असतं.

१७. मळ्यात बिबट्या फिरतो, रानडुकरं येतात, पाखरं द्राक्षं खातात. कॅमो केली तर राखणीला उपयोग होईल ना?

यातल्या कशालाच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि छऱ्याने जखमी करणंही त्यातच येतं. कावळे-उंदरांची उपद्रवी प्राण्यांची जुनी यादी अजून काही जण पुढे करतात, ती २०२२ च्या दुरुस्तीने काढून टाकली. बिबट्याला छरा मारणं तर जिवावरचं: तो मरत नाही, चवताळतो. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पाखरांना बागेवर जाळी. नांदूरमध्यमेश्वरच्या आसपास राहणाऱ्यांनी जास्तच जपावं, ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून राज्यातलं पहिलं रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिकडे पिशवीत कॅमो रायफल सापडली तर चहा प्यायला आलो होतो हे कोणी ऐकून घेणार नाही.

१८. काम झाल्यावर रील टाकू का?

टेबलावर ठेवलेल्या रायफलीचा फोटो टाका. हातात घेऊन गाणं लावून नको. अशा रीलवरून पोलीस घरी येतात, आणि ती छऱ्याची होती हे सांगायची पाळी नंतर येते.

१९. मंडळाच्या देखाव्यासाठी, गॅदरिंगच्या नाटकासाठी डमी रायफली रंगवाल का?

आनंदाने. लाकूड, फोम, पीव्हीसी पाइप, कशाच्याही. गणपतीच्या आधी महिनाभर सांगा. आमची अट एकच, नळीचं तोंड भगवं किंवा लाल राहील आणि पुढून बंद असेल. दिग्दर्शक म्हणतात त्याने खरेपणा जातो. प्रेक्षकांना तिसऱ्या रांगेतून ते दिसत नाही, मात्र सामान टेम्पोतून नेताना नाक्यावर दिसतं. खऱ्या एअर रायफली देखाव्यात मांडायच्या असतील तर आधी पोलीस ठाण्यात विचारा, मग आमच्याकडे या.